परत बोल

आमच्या घरात शनिवारी पापड मोडायला बंदी होती. इतर दिवशी कुणी कितीही मोडावेत, पण शनिवारी अण्णांचं ऑफिस अर्धा दिवस असे, दुपारी आम्ही चौघं एकत्र जेवायला बसायचो आणि जेवताना अण्णा त्यांचा लेख वाचून दाखवायचे. पापडाच्या आवाजाने वाक्याची लय बिघडते असं त्यांचं म्हणणं. म्हणून आई भाजलेला पापड आधीच कुळथाच्या पिठल्यात बुडवून ठेवायची, आणि आम्ही तो मऊ लिबलिबीत पापड मुकाट गिळायचो. अण्णांना आवाज चालायचा तो फक्त विमानाचा, कारण त्याला दटावता येत नव्हतं. मरोळच्या आमच्या कॉलनीवरून विमानं इतकी खालून जायची की मांडणीतली भांडी थरथरायची. विमान आलं की अण्णा वाचता वाचता थांबत, थांबलेल्या शब्दावर बोट ठेवत, आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करत. त्या बोटाखाली बहुतेक वेळा आमच्यापैकीच कुणीतरी असे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत नोकरी आणि एका साप्ताहिकात 'आपलं घरगुती' नावाचं सदर. सदरात गोष्टी असत त्या आमच्या घरच्या, नावं आमची, आणि बोलणंही आमचंच. कथाकारांचा त्यांना भारी तिटकारा. "ते लोक खोटं बोलून टाळ्या घेतात," म्हणायचे. "मी पदरचा एक शब्द घालत नाही. झालं तसं लिहितो." आणि ते खरं होतं. अण्णांइतका चोख ऐकणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. आई भाजीवाल्याशी कशी घासाघीस करते, शेजारच्या शहाबेन मराठी कशा मोडतात, मी चिडले की कोणत्या शब्दावर आवाज चढतो, सगळं त्यांच्या कानात बसायचं. नाही बसलं तर ते विचारत. घरात भांडण रंगात आलेलं असे, आई रडकुंडीला आलेली असे, आणि अण्णा हात वर करून म्हणत, "थांब. परत बोल." मग ऑफिसातून आणलेल्या कागदाच्या चिटोऱ्यावर आईचं वाक्य जसंच्या तसं उतरून घेत आणि म्हणत, "हं, आता भांडा." सांगा, त्यानंतर भांडणार कोण? आमच्याकडे मोठी भांडणं कधी झालीच नाहीत, ती या कारणाने. कॉलनीतले लोक म्हणायचे, किती खेळीमेळीचं घर आहे.

हल्ली मी मुलुंडला एका हॉलमध्ये दर रविवारी लोकांना आत्मकथन लिहायला शिकवते. निवृत्त बायका, थोडे निवृत्त पुरुष, आणि वेफर्सच्या पुड्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, किती खरं लिहायचं?" प्रश्न सासूबद्दल असतो, सुनेबद्दल असतो, स्वतःबद्दल कधीच नसतो. दुष्टपणा करायला परवानगी हवी असते आणि ती वर चहासोबत हवी असते. मी त्यांना म्हणते, सगळं खरं लिहा. त्यांचे चेहरे खुलतात. मग म्हणते, आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या समोर बसून, तो जेवत असताना, मोठ्याने वाचा. पुढच्या रविवारी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात.

शनिवारच्या वाचनाचा एक नियम होता. तपशील चुकला असेल तर सांगायचं, तक्रार असेल तर गिळायची. "मत नको, तपशील हवा," अण्णा म्हणायचे. मला पाहायला पहिल्यांदा पाहुणे आले त्यावर त्यांनी लिहिलं होतं की मुलाकडच्या मंडळींनी मुलीपेक्षा पोह्यांकडे जास्त वेळ पाहिलं, आणि पसंतीही पोह्यांनाच मिळाली. मी विचारायला हवं होतं की असं का लिहिता. मी काय म्हणाले? "पोहे नव्हते अण्णा, सांजा होता." अण्णांनी मला शाबासकी दिली आणि शब्द बदलला. वाक्य चांगलं होतं हीच पंचाईत. वाईट लिहिणाऱ्या बापाचा राग करणं किती सोपं झालं असतं.

पण सदर चालायचं ते नंदूवर. नंदू माझा धाकटा भाऊ, तेव्हा दहावीत. तो बोलताना अडखळायचा. लहानपणापासून. काही अक्षरं त्याला वाट देत नसत. तो त्यांच्यापाशी उभा राहून धक्के मारायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि मग एकदम सगळं वाक्य बाहेर सांडायचं. अण्णांनी ते लिहिलं. नुसतं 'तो अडखळला' असं नाही. अक्षर तितक्या वेळा, मध्ये टिंबं, जसं ऐकलं तसं. वाचकांना ते बेहद्द आवडलं. कारण अण्णा नंदूच्या तोंडी जे घालत ते खरंच त्याचंच असे, आणि नंदू मोठा मिश्कील होता. त्यामुळे लोक आधी अडखळण्याला हसत आणि मग बोलण्याला, आणि दोन्ही हसण्यांत त्यांना आपण फार प्रेमळ आहोत असं वाटे. कॉलनीतली पोरं त्याला बघून सदरातलं वाक्य टिंबांसकट म्हणून दाखवायची. पोस्टमन म्हणायचा. वाण्याने एकदा त्याला साखर देण्याआधी म्हणायला लावलं.

आणि या सगळ्याची तयारी घरात व्हायची. नंदू काही बोलला आणि अण्णांचे कान टवकारले की आम्हाला कळायचं. "थांब. परत बोल." अडखळणाऱ्या मुलाला परत बोलायला लावलं की तो दुप्पट अडखळतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. अण्णा बोटांवर मोजत. शनिवारी वाचताना ते तो भाग हुबेहूब करून दाखवत, मान ताठ करून, डोळे मिटून, आणि मग आईकडे बघत. माझी आई, जी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, ती नंदूच्या बाजूने तेवढंच काय ते बोलायची. म्हणायची, "तीनदा नव्हतं हो. दोनदाच अडला होता." अण्णा एक अक्षर खोडत. आईच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान यायचं ते आठवलं की आजही मला तिचा राग येतो, आणि लगेच रडू येतं. तिला वाटायचं, आपण पोराला वाचवलं. एका अक्षराने वाचवलं!

अशात आमच्या भागातल्या वाचनालयाने अण्णांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि भाषण. वाचनालयाचे कार्यवाह घरी आमंत्रण द्यायला आले, आईचे कांदेपोहे खाल्ले आणि निघता निघता म्हणाले, "अहो, आणि तुमच्या नंदूलाही स्टेजवर आणा की. दोन शब्द बोलू दे. लोक नुसते वेडे होतील."

अण्णा म्हणाले, "येईल की. मजा येईल लोकांना."

नंदू दारामागे चपला घालत उभा होता. त्याने ते ऐकलं. तो चपला घालून सरळ मरोळच्या गावठाणात गेला, फिलू टीचरकडे.

फिलू टीचर म्हणजे गावठाणातल्या जुन्या ख्रिस्ती घरातली अविवाहित बाई. चर्चमध्ये मुलांना गाणी शिकवायची आणि दारात सुकट वाळत घालायची. नंदू तिच्या पुतण्याबरोबर शाळेत होता. बाई भाषणबिषण काही शिकलेली नव्हती. तिने नंदूला ओट्यावर बसवलं, अंगठा मांडीवर टेकवायला लावला आणि म्हणाली, "हळू बोल बाबा. कोन धावतंय तुजे मागं?" अंगठा एकदा दाबायचा, एक शब्द सोडायचा. गाण्याचा ठेका धरतात तसं. तो रोज संध्याकाळी तिथे जायचा. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. साकीनाक्याच्या बाजूने कारखान्यांचे भोंगे होत होते, टीचर सुकट पालथी करत होती आणि माझा भाऊ एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तसा ठेवत होता. परत येताना म्हणाला, "ताई, घरी सांगू नकोस." मी नाही सांगितलं.

सत्काराला हॉल भरला होता. अण्णा बोलले, छान बोलले. आपण सत्याचे हमाल आहोत, उचलतो आणि पोचवतो, असं काहीतरी. टाळ्या झाल्या. मग कार्यवाहांनी डोळे मिचकावत माईक हातात घेतला. "आणि आता, ज्याला आपण सगळे घरातल्यासारखे ओळखतो..." त्यांना पुढे बोलूच दिलं नाही लोकांनी. पहिल्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून आधीच हसायला लागल्या होत्या. नंदू माईकपाशी गेला. त्याचा अंगठा पँटच्या शिवणीवर होता, तो मला दिसत होता, बाकी कुणाला नसेल.

तो म्हणाला, "मी नंदू. तुम्ही मला ओळखता, मी तुम्हाला ओळखत नाही. अण्णा लेख वाचतात तेव्हा आमच्याकडे पापड खायला मनाई असते. माझे वडील मोठे लेखक आहेत, म्हणून मी मऊ पापड खातो. तुम्ही मात्र घरी जाऊन कुरकुरीत खा. नमस्कार."

एकही अक्षर अडलं नाही. एकही नाही. मी तिथे होते, आई होती, दोनेकशे माणसं होती. हॉलमध्ये आधी काहीच झालं नाही, कारण लोक अजून वाट बघत होते. मग थोड्या टाळ्या पडल्या, देवळात हातावर पडणाऱ्या तीर्थाएवढ्या. माझ्या मागची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "अय्या, हा तर नीट बोलतो!" तिचा सूर हापूस म्हणून पायरी गळ्यात मारल्यासारखा होता. आणि खाली चहाच्या टेबलापाशी एका गृहस्थांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "काय राव! म्हणजे तुम्हीसुद्धा रंगवूनच लिहिता तर!"

अण्णांनी चहा तसाच टेबलावर ठेवला. त्यांना कुणी चोर म्हटलं असतं तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. घरी चालत येताना ते नंदूच्या पुढे दहा पावलं होते. कॉलनीच्या फाटकाशी वळून एवढंच म्हणाले, "चारचौघांत खोटं पाडलंस मला."

नंदू हसत होता. त्याला वाटलं ही थट्टा आहे. पोरगं इतकं खूश होतं की त्याला काही कळत नव्हतं. घरात शिरल्याबरोबर त्याने डब्यातले दोन पापड काढून गॅसवर भाजले आणि खिडकीत उभा राहून कराकरा खाल्ले.

पुढच्या शनिवारी अण्णांनी लेख काढला. पिठलं होतं, भात होता, आमसुलाचं सार होतं. लेख सत्काराचा होता. सुरुवात शाल-श्रीफळाची, स्वतःची जरा टिंगल, नेहमीप्रमाणे झकास. मग नंदू स्टेजवर जातो. माईक त्याच्या उंचीपेक्षा वर असतो. तो तोंड उघडतो आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. सगळा हॉल श्वास रोखतो. अक्षर येतं, परत येतं, परत. पहिल्या रांगेतली एक आई डोळे पुसते. शेवटी पोरगा कसाबसा 'माझे वडील' एवढंच म्हणतो आणि खाली उतरतो, आणि बापाला जन्मात पहिल्यांदा लेखणी नकोशी वाटते. अण्णा ते वाचत होते आणि मी डोळे पुसले. मी प्रत्यक्ष तिथे हजर होते, तरी पुसले. आता इतकी वर्षं लिहिणं शिकवून मला एवढंच ठाऊक झालंय की चांगलं वाक्य साक्षीदारालाही फितूर करतं.

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "असं झालं नाही."

"तपशील सांग," अण्णा म्हणाले.

"हाच तपशील. नंदू अडखळला नाही."

मीही म्हणाले, "अण्णा, तो सगळं नीट बोलला. तुम्ही ऐकलंत की."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. अगदी शांतपणे, क्लासमध्ये सांगावं तसं म्हणाले, "तुम्ही दोघी त्याच्या बाजूच्या. तुमचं ते मत झालं. ज्याचं वाक्य आहे तो समोर बसलाय. त्यानेच सांगावं. काय रे नंदू? नाही ना अडखळलास? मग तसं म्हण. मी आत्ता खोडतो. म्हण, 'मी अडखळलो नाही.'"

नंदूने मान हलवली.

"मान नको. वाक्य दे. लेखात मान छापता येत नाही."

नंदूचा डावा हात मांडीवर गेला. मी अंगठा दाबलेला पाहिला. एकदा, परत एकदा. त्याची मान ताठ झाली, डोळे मिटले. पहिलंच अक्षर वाट देईना. आम्ही सगळे थांबलो होतो. आई तर त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. एरवी दर थोड्या वेळाने जाणारं विमानसुद्धा त्या वेळी आलं नाही. फिलू टीचरचा ओटा तिथून हाकेच्या अंतरावर होता आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग होत नव्हता.

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांब," ते म्हणाले. "परत बोल."

आणि त्यांनी लिहून घेतलं. बोटांवर मोजून, टिंबांसकट, जितक्या वेळा तितक्या वेळा. मग तो कागद आईपुढे धरला. "बघ. पदरचं आहे का काही? आता तर झालं ना?" आईने कागद पाहिला नाही. अण्णांनी टोपण लावलं, ताट पुढे ओढलं आणि म्हणाले, "पिठलं वाढ. गार होतंय."

लेख छापून आला. अण्णांनी आयुष्यात लिहिलेला सर्वांत गाजलेला लेख तो. कॉलनीतल्या बायका आईला भेटायला आल्या, डोळे पुसून गेल्या. यात गंमत अशी की त्यातल्या तिघीजणी हॉलमध्ये हजर होत्या. त्यांनी स्वतःच्या कानांनी नंदूला ऐकलं होतं, आणि तरी त्या म्हणाल्या, "बिच्चारा, कसा गं उभा होता तिथे!" वाचनालयाच्या कार्यवाहांनी तो लेख चौकट करून भिंतीवर लावला. फिलू टीचरला मराठी वाचायचा कंटाळा, पुतण्याने तिला वाचून दाखवला. ती नंदूला म्हणाली, "तू तर बरा बोललास म्हनत होतास." त्यानंतर नंदू तिच्याकडेही गेला नाही.

तेव्हापासून तो अण्णांसमोर बोलेनासा झाला. कोणाला वाटेल रुसला, सत्याग्रह केला. तसं काही नव्हतं. पाणी मागितलं तर आणून द्यायचा, बाजारात पाठवलं तर जायचा, हाक मारली तर वळून पाहायचा, मान डोलवायचा. माझ्याशी जिन्यात बोलायचा, आईशी अण्णा ऑफिसात असताना. अण्णांच्या चपलांचा आवाज आला की वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचा.

अण्णांना आधी वाटलं, होईल ठीक. मग साप्ताहिकात वाचकांची पत्रं आली की नंदू कुठे आहे. अण्णांनी आमच्या दोघींवर चार-दोन लेख ओढूनताणून लिहिले. आमच्यात तेवढा जीव नव्हता. मग त्यांनी नंदूला चुचकारायला सुरुवात केली. "बोल ना रे काहीतरी. शाळेत काय झालं? काहीही बोल." त्याला आवडतात म्हणून कोलंबीची भजी करायला लावली. शनिवारी स्वतः म्हणाले, "अरे, पापड खा की कुरकुरीत, मी थांबतो." नंदू पापड खायचा. अण्णा खरोखर थांबायचे, कागद हातात धरून, भाविकासारखे त्याच्या तोंडाकडे बघत. मला त्या वेळी जो आनंद व्हायचा तो चांगल्या माणसाला होणारा आनंद नव्हता, आणि तो मी पुरेपूर उपभोगला. घरात उचलायलाच काही उरलं नाही म्हटल्यावर सत्याचा हमाल पोचवणार काय? पदरचं घालून लिहायची त्यांना एकदाच हिंमत झाली होती. दुसऱ्यांदा झाली नाही. पावसाळ्यानंतर संपादकांनी सदर बंद केलं.

नंदू पुढे साकीनाक्याला एका युनिटमध्ये लेथवर लागला, नंतर तिथला फोरमन झाला. तिथे तो दिवसभर हिंदीत बोलायचा, पोरांना शिव्या घालायचा, गिऱ्हाइकांशी तासन्‌तास भाव करायचा, असं मी त्याच्या मालकाच्या तोंडून ऐकलंय. घरी अण्णा म्हातारे झाले, अंथरुणाला लागले. त्यांना न्हाऊ घालणं, दाढी करणं, पथ्याचं भरवणं, सगळं नंदूने केलं. त्यात तसूभर कमी पडू दिलं नाही. लोक म्हणायचे, असा मुलगा व्हायला पुण्य लागतं. दाढी करताना अण्णा साबणाच्या फेसातून त्याला विचारायचे, "आज काय झालं रे कारखान्यात?" तो त्यांची हनुवटी हळूच वर करायचा आणि वस्तरा फिरवायचा.

एकदा अण्णा झोपल्यावर आईने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. मी भाजी निवडत तिथेच बसले होते. आई रडत नव्हती, पण हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. म्हणाली, "एक शब्द बोल रे त्यांच्याशी. किती दिवस राहिलेत त्यांचे? एवढा कसला राग?"

नंदू मोरीत दाढीचा ब्रश धूत होता. त्याने तो झटकला, फळीवर उभा करून ठेवला.

"राग नाही आई," तो म्हणाला. "मी बोललो होतो. त्यांनी खोडलं."

हे वाक्य तो कसा बोलला, कुठे अडला की नाही अडला, ते मला ठाऊक आहे. मी ते लिहिणार नाही.